प्रस्तावना : पाच वाजून दहा मिनिटांची नोंद

गावातल्या दूधसंस्थेत संकलन उजाडण्यापूर्वीच सुरू होते. किटली मापावर येते, दुधाचा नमुना फॅट मशीनला लागतो, कारकून सभासदाचा क्रमांक दाबतो आणि लिटर, फॅट, एसएनएफ असे तीन आकडे संगणकात जातात. समजा, घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि तारीख आहे ११. ही नोंद ज्या सर्व्हरवर जाऊन बसते, त्याचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. तिथे त्या क्षणी रात्रीचे अकरा वाजून चाळीस मिनिटे झालेली असतात आणि तारीख असते १०. दूधसंस्थेचे बिल दहा दिवसांचे. प्रोग्रामने तारीख सर्व्हरच्या घड्याळावरून उचलली असेल, तर पहाटे घातलेले दूध सरळ मागच्या बिलात जाऊन पडते. ते बिल आदल्या संध्याकाळीच काढून झाले असेल, तर ते दूध कुठल्याच बिलात येत नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर हा दोष दिसण्याचे कारणच नव्हते. त्याचे घड्याळ भारतीय वेळेवर होते, डेटाबेसही त्याच लॅपटॉपवर होता. कोड एकच, पण मशीन दोन आणि म्हणून तारखाही दोन. या दोन मशीनमध्ये जे अंतर असते, ते या पुस्तकाचा विषय आहे.

‘फुल-स्टॅक’ हा शब्द आपल्याकडे मुख्यतः नोकरीच्या जाहिरातींतून आणि क्लासच्या फलकांवरून पोहोचला. त्याचा साधा अर्थ असा की, वेब अ‍ॅप्लिकेशनचे सगळे थर एका माणसाला कळतात. वरचा थर ब्राउझरमधला. कारकुनाला दिसणारा फॉर्म, बटणे, बिलाचा तक्ता. मधला थर सर्व्हरवरचा. दर काढणे, कोणाला काय दिसावे हे ठरवणे, चुकीची फॅट नाकारणे. खालचा थर डेटाबेसचा. बहुतेक अभ्यासक्रम या तिन्ही थरांची बांधणी शिकवतात आणि तिथे थांबतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे कितीतरी चांगले प्रकल्प लॅपटॉपवर जन्मतात, व्हायव्हाच्या दिवशी परीक्षकांसमोर चालतात आणि नंतर कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. मुलांच्या मेहनतीचे मोल असे अर्ध्यावर राहते याचे वाईट वाटते, कारण पुढची वाट अवघड असली तरी गूढ नाही. डोमेनचे नाव, डीएनएस, प्रमाणपत्र, रिव्हर्स प्रॉक्सी, प्रोग्राम बंद पडला तर तो पुन्हा सुरू करणारी व्यवस्था, लॉग, बॅकअप, परवलीचे शब्द ठेवण्याची जागा, या सगळ्याचीही शिकवण व्हायला हवी. ती बहुधा नोकरीच्या पहिल्या वर्षात, घाबरत घाबरत होते.

वेबच्या आरंभी हे अंतर नव्हतेच. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला आणि पुढच्या वर्षी नेक्स्ट बनावटीच्या एका संगणकावर पहिला सर्व्हर व पहिला ब्राउझर लिहिला. लिहिण्याचे मशीन तेच आणि जगाला पाने वाढणारे मशीनही तेच. त्यावर एक हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती : हा सर्व्हर आहे, बंद करू नये. प्रॉडक्शनचा, म्हणजे खरी माणसे वापरतात त्या मशीनचा, पहिला नियम त्या चिठ्ठीत आला होता, असे म्हणायला हरकत नाही.

१९९३ मध्ये सीजीआय आले आणि वेबच्या पानामागे प्रोग्राम चालू लागला. १९९५ हे वर्ष तर या क्षेत्रात फार सुपीक ठरले. रास्मुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी जगासाठी खुले केले, अपाची सर्व्हर आला, मायएसक्यूएल आले, आणि ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट आली. लिनक्ससह या मंडळींची जी चौकट बनली तिला लॅम्प हे नाव पडले. पुढची दहा वर्षे जगभरच्या छोट्या संकेतस्थळांचा संसार याच चौकटीवर चालला. होस्टिंगवाल्याकडे महिन्याच्या भाड्याने जागा घ्यायची आणि एफटीपीने फायली चढवायच्या. चूक दिसली की तिथल्या तिथे, चालू संकेतस्थळावर, फाइल उघडून दुरुस्त करायची. आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये एक्झॅम्प हा याच चौकटीचा तयार संच चढवून याच पद्धतीवर एक अख्खी पिढी शिकली. एक्झॅम्पमध्ये डेटाबेसच्या मुख्य खात्याला पासवर्ड नसतो. शिकताना ती सोय असते. तीच सवय सर्व्हरपर्यंत गेली की घराला कुलूप न लावता गावाला गेल्यासारखे होते.

दुसरा टप्पा फ्रेमवर्कचा. २००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रूबी ऑन रेल्स खुले केले. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीतून जँगो बाहेर पडले. बातमी छापायला जाण्याच्या वेळेशी झगडणाऱ्या लोकांनी ते बनवले आहे, हे जँगोच्या आखणीत आजही जाणवते. तयार अ‍ॅडमिन पडदा हा त्याचाच पुरावा. या फ्रेमवर्कनी एक मोलाची शिस्त लावली. रेल्सने विकास, चाचणी आणि प्रॉडक्शन अशी तीन वातावरणे वेगळ्या नावांनी ओळखली आणि डेटाबेसच्या रचनेतला प्रत्येक बदल मायग्रेशन म्हणून कोडसोबत लिहून ठेवायला शिकवले. नाटकवाल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. हॉलमधली तालीम, रंगीत तालीम आणि प्रयोग यांच्या गरजा वेगळ्या असतात, हे त्यांना पक्के ठाऊक असते. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत रंगीत तालमीला ‘स्टेजिंग’ म्हणतात, हा योगायोगही लक्षात राहण्याजोगा आहे.

मग सर्व्हर विकत घेण्याचे दिवस सरले. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये साठवणीची एस-३ आणि संगणनाची ईसी-२ या सेवा सुरू केल्या आणि मशीन तासाच्या भाड्याने मिळू लागले. २००७ मध्ये सुरू झालेल्या हिरोकूने गिटमधून कोड ढकलला की तो आपोआप चालू व्हावा इतपत काम सोपे केले. तिथल्या अनुभवातून अ‍ॅडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास बारा सूत्रांचा एक मजकूर लिहिला. तो आजही जुना झालेला नाही. त्यातली दोन सूत्रे या पुस्तकाचा कणा आहेत. एक, मशीनगणिक बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे पासवर्ड, पत्ते, किल्ल्या, कोडमध्ये न लिहिता वातावरणातून घ्याव्यात. दुसरे, विकासाचे आणि प्रॉडक्शनचे मशीन शक्य तितके सारखे ठेवावे.

ते सारखे ठेवायचे कसे, याचे सर्वांत गाजलेले उत्तर २०१३ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या पायकॉन परिषदेत आले. सॉलोमन हाइक्स यांनी अवघ्या पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवले. आपला प्रोग्राम, त्याला लागणारी भाषा, लायब्ररी, फॉन्टसुद्धा, असे सगळे बिऱ्हाड एका कंटेनरमध्ये बांधायचे आणि तेच बिऱ्हाड सर्व्हरवर जसेच्या तसे उतरवायचे. हे कंटेनर शेकड्यांनी झाले तेव्हा ते हाकणारी व्यवस्था लागली. २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटिस खुले केले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोकण किनाऱ्यावर त्याला तांडेल म्हणतात.

इतिहास एवढा पुरे. आज या क्षेत्रात जे पंथ आहेत, त्यांची ओळख नवख्याला अधिक कामाची.

पडद्याच्या बाजूने पाहिले तर मोठा वाद आहे तो पान कुठे तयार करावे याचा. रेल्स, जँगो, लारावेल या घराण्यात पान सर्व्हरवर तयार होते आणि ब्राउझर ते फक्त दाखवतो. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणले, २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट खुले केले आणि दुसरे घराणे उभे राहिले. यात ब्राउझरमध्येच एक पूर्ण प्रोग्राम चालतो आणि सर्व्हर फक्त माहिती पुरवतो. या घराण्याने पडदे जिवंत केले, पण त्याबरोबर परावलंबनही वाढले. २०१६ च्या मार्चमध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या अकरा ओळींचे एक पॅकेज त्याच्या लेखकाने मागे घेतले आणि जगभरच्या कंपन्यांची बिल्ड काही तास अडून बसली. आता नेक्स्ट-जेएससारखी साधने पुन्हा सर्व्हरवर पान घडवू लागली आहेत, आणि एचटीएमएक्सच्या वाटेने जाणारे लोक तर जुने घराणेच पुरेसे आहे असे म्हणतात.

सर्व्हरच्या बाजूने चार वाटा दिसतात. स्वतः लिनक्स मशीन भाड्याने घेऊन एनजिनएक्स, सिस्टमडी हाताने लावणारे; सगळे एखाद्या प्लॅटफॉर्मवर सोपवणारे; कंटेनरचा ताफा चालवणारे; आणि सर्व्हरचा विचारच नको म्हणून एकेक फंक्शन क्लाउडवर ठेवणारे. यात कोणी एक खरा नाही. पण एक मत इथे स्पष्ट नोंदवायला हवे. दोनशे सभासदांच्या संस्थेला, तालुक्याच्या ग्रंथालयाला किंवा शाळेला कुबरनेटिसची गरज नाही. एक बेताचा सर्व्हर, एक पोस्टग्रेस डेटाबेस, नीट घेतलेला बॅकअप, एवढ्यावर अशी कामे वर्षानुवर्षे चालतात. मोठ्यांचाही अनुभव एकाच दिशेचा नाही : बेसकॅम्प बनवणाऱ्या थर्टीसेव्हन-सिग्नल्सने २०२२ मध्ये क्लाउड सोडून स्वतःच्या मशीनवर परतण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी हिरोकूने आपली फुकट योजना बंद केली आणि तिच्यावर ठेवलेले अगणित विद्यार्थी-प्रकल्प पडद्याआड गेले. फुकटच्या जागेवर संसार मांडताना ही आठवण ठेवलेली बरी.

आता थोडे जवळून पाहू. नवखा माणूस नेमका कुठे अडतो?

पहिला अडसर बहुधा ‘लोकलहोस्ट’ या शब्दाचाच असतो. लोकलहोस्ट म्हणजे ‘हेच मशीन’. मुलगा आपल्या लॅपटॉपवर पडद्याचा प्रोग्राम ५१७३ क्रमांकाच्या पोर्टवर चालवतो, मधला थर ८००० वर, डेटाबेस ५४३२ वर. पडद्याच्या कोडमध्ये तो लिहून टाकतो की माहिती लोकलहोस्टच्या ८००० पोर्टवरून आण. सगळे छान चालते. सर्व्हरवर चढवल्यावरही त्याच्या लॅपटॉपवर छानच चालते, कारण मधला थर तिथे अजून सुरू असतो. संस्थेचे सचिव मात्र आपल्या फोनवर पत्ता उघडतात आणि रिकामा तक्ता पाहतात. त्यांचा ब्राउझर ‘हेच मशीन’ म्हणजे त्यांचाच फोन असे समजून फोनमध्ये सर्व्हर शोधत असतो. या एका चुकीत ब्राउझर कुठे चालतो, सर्व्हर कुठे चालतो आणि दोघांत काय धावते, हे सगळे शास्त्र सामावलेले आहे. एकाच डोमेनखाली दोन्ही थर ठेवून पुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवली की हा प्रश्न आणि त्याच्या मागोमाग येणारा कॉर्सचा, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरून आणलेली माहिती ब्राउझरने अडवण्याचा, त्रास, दोन्ही मिटतात.

दुसरा अडसर अक्षरांचा. मॅकवर आणि विंडोजवर फाइलच्या नावातले लहान-मोठे रोमन अक्षर सहसा एकच धरले जाते. लिनक्स ती दोन वेगळी नावे मानतो. घरी सापडणारी फाइल सर्व्हरवर सापडत नाही ती अशी. आणि आपली देवनागरी? युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मायएसक्यूएलचे जुने मूळ सेटिंग लॅटिन लिपीचे होते. त्यात सभासदाचे नाव घातले की प्रश्नचिन्हांची रांग परत यायची. ‘युटीएफ-८’ असे नाव दिलेले त्याचे दुसरे सेटिंग जेमतेम तीन बाइटपर्यंतचे. मराठी त्यात बसते, इमोजी बसत नाही. खरे पूर्ण सेटिंग २०१० मध्ये आले आणि आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, तेच मूळ झाले. मराठीत काम करणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी तपासावे. क्रमवारीचेही तसेच आहे. पोस्टग्रेस नावांचा क्रम लावण्यासाठी सहसा ऑपरेटिंग सिस्टीमच्या लायब्ररीवर विसंबते. २०१८ मध्ये लिनक्सच्या त्या लायब्ररीने क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, आणि जुन्या मशीनवर बांधलेले इंडेक्स नव्या मशीनवर चुकीचे ठरू लागले. असलेली नोंद ‘नाही’ म्हणून परत येणे यासारखा बुचकळ्यात टाकणारा दोष दुसरा नाही.

तिसरा अडसर उघड्या दारांचा. मोंगोडीबी या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या मूळ सेटिंगमध्ये कोणत्याही बाजूने आलेली जोडणी स्वीकारत आणि पासवर्ड मागत नसत. लॅपटॉपवर याने काही बिघडत नव्हते. २०१७ च्या जानेवारीत खंडणीखोरांनी असे हजारो डेटाबेस इंटरनेटवर शोधून काढले, पुसून टाकले आणि आत पैशाच्या मागणीची चिठ्ठी ठेवली. त्या वर्षअखेरच्या आवृत्तीपासून मूळ सेटिंग बदलले.

अपघातांच्या या यादीत मोठी नावेही आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे खूप आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीने आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड चढवला. आठवा राहून गेला. त्यावरचा जुना, निकामी ठरवलेला कोड जागा झाला आणि ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. हाताने डिप्लॉय करू नये असे अनुभवी माणसे कळवळून सांगतात, त्यामागे असे दिवस आहेत.

दुसरी घटना गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीची. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री थकलेल्या एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेसची जागा साफ करायला घेतली. हुकूम मात्र मुख्य सर्व्हरवर दिला गेला. काही सेकंदांत त्याने तो थांबवला, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. रोजचा बॅकअप घेणारे साधन डेटाबेसच्या वेगळ्या आवृत्तीचे होते, त्यामुळे ते गुपचूप अपयशी ठरत होते. त्याची सूचना देणारी पत्रे नाकारली जात होती. अखेर सहा तासांपूर्वी कोणीतरी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत कामी आली. कंपनीने हे काहीही लपवले नाही. दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले आणि पुढे सगळा अहवाल प्रसिद्ध केला. त्या प्रामाणिकपणाचे ऋण या क्षेत्रातल्या प्रत्येक शिकणाऱ्यावर आहे. अशा अहवालांइतके चांगले पाठ्यपुस्तक कोणाला लिहिता आलेले नाही.

हा विषय आजच इतका निकडीचा का झाला, याची कारणे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता दुपारभरात लॅपटॉपवर चालणारे अ‍ॅप लिहून देतात. लिहिणे स्वस्त झाले. चालवत ठेवणे तेवढेच अवघड राहिले. संकेतस्थळाची प्रमाणपत्रे लेट्स एन्क्रिप्टने २०१५ च्या अखेरीपासून फुकट केली, ९० दिवसांच्या मुदतीची; आणि २०२९ पर्यंत सर्वच सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ४७ दिवसांवर आणायचे ठरले आहे. ती हाताने बदलत बसणे कोणालाच जमणार नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने लोकांची माहिती सांभाळणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे, ती छोट्या संस्थेच्या छोट्या अ‍ॅपलाही लागू होऊ शकते. आणि सर्व्हर आता सातासमुद्रापार राहिलेले नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा ‘मध्य भारत’ विभाग २०१५ पासून पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉनचा भारतातला पहिला विभाग २०१६ पासून मुंबईत. कोल्हापूरच्या गावातली नोंद मुंबईत साठवता येते. ती साठवणारा हात गावातलाच असायला अडचण फक्त शिक्षणाची आहे.

म्हणून हे पुस्तक मराठीत आहे. त्यात सर्व्हरला सर्व्हर आणि बॅकअपला बॅकअपच म्हटले आहे. शब्द लोकांच्या तोंडचे आणि समजावणे मराठीतले, असा नेम पाळला आहे. सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकच उदाहरण चालते, दूधसंस्थेच्या संकलनाचे. ते आधी लॅपटॉपवर उभे राहते, मग कंटेनरमध्ये, मग भाड्याच्या एका सर्व्हरवर, आणि शेवटी त्यावर रोज पहाटे खरी माणसे काम करतील अशा बेताने. साधने निवडताना पुस्तकाने नवलाईपेक्षा टिकाऊपणा पाहिला आहे : रिअ‍ॅक्ट, जँगो, पोस्टग्रेस, एनजिनएक्स. मोठ्या ताफ्यांची ओळख आहे, पण ती ओळखीपुरतीच. आवृत्त्या बदलतील, पडद्यांची चित्रे जुनी होतील. पाच वाजून दहा मिनिटांची नोंद कोणत्या तारखेत धरायची हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या साधनालाही सोडवावाच लागेल.

वाचकाला एकच विनंती. बॅकअपच्या प्रकरणात शेवटी एक काम सांगितले आहे : घड्याळ लावा, स्वतःचा सरावाचा डेटाबेस पूर्ण पुसा आणि बॅकअपवरून तो परत उभा करा. पहिल्या खेपेला बहुतेकांचे काहीतरी राहते. ते प्रकरण नुसते वाचून पुढे जाऊ नका. लागलेली मिनिटे वहीत लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा करून पाहा.